हाताला इचार

साताऱ्यात पलटणीतून परत आलेल्या कुठल्याही माणसाला 'मेजर' म्हणायची पद्धत आहे. तो फौजेत स्वयंपाकी असो, न्हावी असो की बँडात ढोल वाजवणारा असो, ट्रंक घेऊन स्टँडवर उतरला की मेजर झाला. आमचे घरमालक फौजेत नाईक होते. गाड्या चालवायच्या आणि बिघडल्या की दुरुस्त करायच्या, हे त्यांचं तिथलं काम. पण आळीत आणखीही बरेच मेजर असल्यामुळे ओळखायला सोपं जावं म्हणून त्यांना 'जीपवाले मेजर' म्हणत. जीप लष्कराच्या लिलावातली होती. तिच्यावरचा हिरवा रंग त्यांनी शेवटपर्यंत बदलला नाही.

मी सांगलीची. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले आणि पहिलीच नेमणूक साताऱ्याला झाली. एकाहत्तरची लढाई नुकतीच होऊन गेली होती. खोली शोधत त्यांच्या दारात गेले, तर त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, वडील काय करतात तेही विचारलं नाही.

"हात बघू," म्हणाले.

मला वाटलं भविष्य सांगतात. मी चिडूनच हात पुढे केला. त्यांनी तळवा दाबून पाहिला, बोटांची पेरं चाचपली आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "आगं, पोरगी भांडी घासणारी हाय. दे खोली."

आतून काकी आल्या. काकी म्हणजे त्यांच्या पत्नी. उंच, हडकुळ्या, आणि बोलण्यात नवऱ्याला जराही न घाबरणाऱ्या. "आवं, भाडेकरूचा हात कोण दाबून बघतं व्हय?" त्या म्हणाल्या. "पेरू हाय का ती?"

अशी मी त्या घरात राहायला गेले.

मेजरांचा हातावर असा विश्वास होता की डोळे आणि कान देवाने उगीच दिलेत असं वाटावं. नारळ घेताना लोक कानाशी हलवून बघतात, हे दोन्ही तळव्यांत धरून उभे राहायचे. गुळाच्या ढेपेवर हात ठेवून त्यात भेसळ आहे का ते सांगायचे. भिंतीला ओल कुठून लागली ते सांगायचे. थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी मुलाशी जरा जास्तच वेळ हस्तांदोलन केलं आणि पाहुणे गेल्यावर म्हणाले, "हात मऊ हाय, पर घामेजत न्हाई. देऊ पोरगी." ती मुलगी पलूसला सुखाने नांदत होती, त्यामुळे या पद्धतीबद्दल त्यांच्याशी वाद घालायची सोय राहिली नव्हती. आणि कोणी काही विचारलं, कसलाही सल्ला मागितला, तरी उत्तर एकच. "मला काय इचारतो? हाताला इचार."

मला ते 'टेलिफोन' म्हणत. "ए टेलिफोन, चा घेतला का?" पहिले काही महिने मला याचा राग यायचा. मग माझं नाव घेऊन कोणी हाक मारली की परकं वाटायला लागलं.

पण मेजरांचं खरं नाव झालं ते कॉईलमुळे. जीपच्या बोनेटखाली एक काळं नळकांडं असतं, तांब्यापेक्षा लहान. ती कॉईल. बॅटरीतून जेमतेम करंट घ्यायचा आणि त्याचा जबर करंट करून प्लगपर्यंत धाडायचा, म्हणजे ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. कॉईल आतून खराब झाली की बेसुमार तापते, आणि तापली की ठिणगी चुकायला लागते. गाडी धक्के खाते, खोकते, चढावर मान टाकते. गॅरेजवाले त्याला 'मिसिंग' म्हणतात. मिसिंगची कारणं मात्र पुष्कळ असतात. प्लग, पॉइंट, वायर, पेट्रोलमधला कचरा. नेमकं काय बिघडलंय ते शोधण्यातच मेकॅनिकचा दिवस जातो. हे सगळं मला कसं माहीत? त्या घरात राहून हे माहीत न होणं अशक्य होतं. जेवताना आमटीत मीठ कमी आहे असं म्हटलं तरी बोलणं पॉइंटच्या फटीवर येऊन थांबायचं.

बाकीचे मेकॅनिक कॉईलची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरत, सेल मारून इंजिन फिरवत आणि ठिणगी निळी पडते की पिवळी ते बघत. मेजर म्हणत, ठिणगी थंड इंजिनात कोणीही पाडील, गरम झाल्यावर काय होतं ते महत्त्वाचं. ते इंजिन चालू ठेवायचे, चांगलं तापू द्यायचे, मग उजवा तळवा कॉईलवर टेकवून डोळे मिटायचे आणि आपला फौजेतला नंबर म्हणायचे. प्रत्येक जवानाला नंबर असतो आणि तो मरेपर्यंत विसरत नाही म्हणतात. मेजरांचा चांगला लांबलचक होता. एकेक आकडा सुटा करून, परेडवर म्हणावा तसा ते म्हणायचे. हात न काढता नंबर पुरा झाला तर कॉईल चांगली. मध्येच हात काढावा लागला तर गेली.

एकदा एका कंत्राटदाराची अँबॅसडर पोवई नाक्यावर सगळी खोलून ठेवली होती. कार्बोरेटर एकीकडे, प्लग एकीकडे. मेजरांना बोलावणं आलं. त्यांनी सगळं परत जोडायला लावलं, गाडी सुरू करून चहा घेतला, कप खाली ठेवला, कॉईलवर हात ठेवला आणि निम्म्यातच झटकून काढला. "अर्ध्या नंबरात गेली," म्हणाले. कॉईल बदलली आणि गाडी सुरळीत झाली.

तेव्हापासून 'अर्ध्या नंबरात गेलं' हा आमच्या घरातला वाक्प्रचारच झाला. शेजारच्यांचं उसनवारीचं आश्वासन अर्ध्या नंबरात गेलं. मध्यंतरातच उठून आलो तो सिनेमा अर्ध्या नंबरात गेला. माझं एक जमत आलेलं लग्न मोडलं तेव्हा मी दोन दिवस तोंड पाडून होते, तर काकी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बरं झालं. अर्ध्या नंबरात गेलं ते. लग्न झाल्यावर तापला असता तर काय केलं असतंस?" मी हसले ते हसलेच.

माझ्या स्विचबोर्डवर दिवसभर आकडेच कानावर पडायचे. लोकांचे चेहरे मला माहीत नसत, नंबर माहीत असत. त्यामुळे मेजरांचा नंबरही मला ऐकून ऐकून पाठ झाला. ते एखादा आकडा गिळून गेले तर मी खिडकीतून दुरुस्त करायचे. त्यावर मेजर म्हणायचे, "बघा, फौजेनं इसरला तरी टेलिफोननं ध्यानात ठिवलाय."

मग मेजरांचा हात चुकायला लागला. आता हे असं एका वाक्यात सांगता येतं, तेव्हा कळत नव्हतं.

मला एकदा कणकण वाटत होती. मेजरांनी कपाळावर हात ठेवला. "थंड हाय. ड्यूटी चुकवू नको." मी गेले आणि दुपारी बोर्डावरच मान टाकली. मुंबईचा ट्रंक कॉल माझ्या कानात हॅलो हॅलो करत राहिला. टांग्यातून घरी आणलं तेव्हा काकींनी अंगाला हात लावला आणि नवऱ्याला नाही नाही ते बोलल्या. मेजर ओशाळले, पण म्हणाले, "सकाळी न्हवता ताप. मागनं चढला."

चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या चहाचा पितळी पेला ते हातात तसाच धरून बसायचे, आम्हाला चिमट्यानेही धरवत नसे. आम्ही कौतुक करायचो. फौजी माणूस! विडी बोटांपर्यंत जळत यायची आणि मांस करपल्याचा वास आला की काकी ओरडायच्या. एकदा त्यांच्या पायातली चप्पल अंगणात निसटली आणि ते तसेच एका चपलेवर गल्लीच्या टोकापर्यंत गेले. पोरं हसली, आम्हीही हसलो. उजव्या कोपराजवळ एक फिकट चट्टा होता. काकी म्हणायच्या शिबं आहे, मेजर म्हणायचे पेट्रोलचा डाग आहे. त्यावर काकी गंधक आणि खोबरेल लावायच्या.

दिवाळीला मी सांगलीला घरी निघाले होते. मेजर म्हणाले, एसटीत कशाला चेंगरतेस, हिलाबी सांगलीचा गणपती दाखवायचाय, जीपनं जाऊ. जीप त्या दिवसांत मिसिंग मारत होती, पण दुरुस्त करायची राहिली होती, असं नव्हे. गेले पंधरा-वीस दिवस ते रोज तिच्यामागे होते. प्लग नवे घातले होते, पॉइंट घासले होते, पेट्रोलची नळी फुंकून झाली होती. कॉईल तर त्यांनी सगळ्यात आधी बघितली होती आणि ती चांगली होती.

कराड सोडेपर्यंत गाडी ठीक चालली. इस्लामपूरच्या अलीकडे धक्के सुरू झाले. उसाच्या बैलगाड्या आम्हाला मागे टाकून जाऊ लागल्या तेव्हा काकी म्हणाल्या, "गाडीवान हसायला लागल्यात, उतरा." मेजरांनी जीप एका बाभळीखाली घेतली. इंजिन चालूच ठेवलं, बोनेट उघडलं, कॉईलवर हात टेकवला, डोळे मिटले आणि नंबर सुरू केला. मी शेजारी उभी होते. नंबर पुरा झाला. हात तसाच.

"कॉईल थंड हाय," म्हणाले. "कार्बोरेटर खोलतो."

"मेजर, वास येतोय," मी म्हटलं.

"इंजिनाचा हाय."

मला तो वास माहीत होता. विडीच्या वेळी यायचा तोच. मी त्यांचा हात बाजूला सारून कॉईलला बोट लावलं आणि किंचाळून मागे आले. बोटाला फोड आला असता इतकं ते नळकांडं तापलं होतं.

मेजर हसले. "तुजा हात हेडफोन धरणारा. तुला काय कळतंय?"

त्यांचा तळवा मला दिसत होता, त्यांना दिसत नव्हता. ते बघतच नव्हते त्याच्याकडे. मी काकींना हाक मारली. काकी म्हणजे तव्यावरची भाकरी नुसत्या हाताने उलटणारी बाई. चुलीतला निखारा चिमटा सापडला नाही तर बोटांनी बाजूला सारायच्या. मेजर म्हणाले, "ठेव गं तू. हिची खात्री पटू दे. माजा नंबर म्हण."

काकींनी हात ठेवला. पहिला आकडाही तोंडातून आला नाही. "आई गं!" म्हणून त्यांनी हात पदरात दाबून धरला आणि नवऱ्याकडे बघितलं.

मग मेजरांनी आपला हात उलटा करून पाहिला. तळव्यावर कॉईलच्या आकाराचा लाल पट्टा उठला होता आणि कातडी एका बाजूने पांढरी होऊन सुटली होती. ते त्याच्याकडे एखाद्या दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे आल्यासारखे बघत राहिले. इंजिन धडधडत होतं. कोणीतरी बंद करायला हवं होतं. मीच किल्ली फिरवली.

"दुखत न्हाई," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "न्हाई दुखत गं." आता ते मर्दुमकीने म्हणत नव्हते, आम्हाला विचारत होते.

पुढचा रस्ता कसा काढायचा ते त्यांनी सांगितलं, तेवढं भान त्यांना होतं. काकींनी आपलं जुनं लुगडं फाडलं, ते ओलं करून कॉईलला गुंडाळलं आणि दर थोड्या अंतराने थांबून मी त्यावर तांब्याने पाणी ओतायचे. कॉईल थंड राहिली की गाडी चालायची. मेजर डाव्या हाताच्या जोरावर चालवत होते. उजव्या हाताला काकींनी तेलाची चिंधी बांधली होती.

सांगलीला मलमपट्टी करणारे डॉक्टर जखम साफ करताना मेजरांच्या तोंडाकडे बघत होते. एवढं खरवडल्यावर माणूस ओरडायला हवा होता. त्यांनी कोपराजवळचा चट्टा पाहिला, त्याच्यावर सुई टोचून पाहिली, आणि काही न सांगता मिरजेच्या एका डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

मिरजेच्या डॉक्टरांकडे दोन काचेच्या नळ्या होत्या. एकीत गरम पाणी, एकीत गार. मेजरांना डोळे मिटायला सांगितले आणि एकेक नळी तळहाताला, बोटांना, कोपराला लावून विचारत गेले, गरम की गार. तळहात आणि बोटं आली की मेजर दर वेळी म्हणत, "थंड." मग गरम नळी तळव्याच्या न भाजलेल्या भागावर ठेवली तेव्हा मला त्यांचे ओठ हलताना दिसले. ते नंबर म्हणत होते. शेवटपर्यंत म्हणाले आणि डोळे न उघडता म्हणाले, "थंड हाय, सायेब." काकी उठून खिडकीशी गेल्या.

महारोग होता. डॉक्टर कुष्ठरोग म्हणाले. गोळ्या आहेत, काही वर्षं नेमाने घेतल्या तर बरा होतो, घरातल्यांनी घाबरायचं कारण नाही, असं त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. पण मेलेली जाणीव परत येईल असं नाही. "मेजर," ते म्हणाले, तेही साताऱ्याकडचे असावेत, "आता हाताला विचारून चालायचं नाही. रोज हाताकडे बघायचं. कुठं कापलं, कुठं भाजलं, डोळ्यांनी शोधायचं." आपल्या रोग्याची ही सवय त्यांना कोणी सांगितली नव्हती. ते सहजच बोलून गेले आणि मेजर खाली बघत राहिले.

परत आल्यावर मेजरांनी आपलं ताट उचललं आणि जेवायला बाहेर जीपच्या बोनेटवर नेऊन ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं. काकी बाहेर गेल्या, ताट उचलून आत आणलं आणि आपल्या ताटाला चिकटवून ठेवलं. "आमी काय पलटणीत हाय व्हय, ज्याचा त्यानं मग्गा घेऊन बसायला?" त्या दारातून ओरडल्या. "या आत. आमटी निवतीया." मेजर आत आले. त्या जेवणात कोणी पॉइंटच्या फटीबद्दल बोललं नाही.

लपवाछपवी त्यांना जमली नाही. आळीत कुजबुज सुरू झाली तशी त्यांनी पारावर उभं राहून सांगून टाकलं, "मला महारोग हाय. गोळ्या चालू हायत. ज्याला जीपमधी बसायचंय त्यानं बसावं, ज्याला न्हाई त्यानं एसटीनं जावं." बरेच लोक एसटीनं जाऊ लागले. पोवई नाक्यावर ज्यांच्या गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं सुधारून दिल्या, ते चहा आपल्या कपातून न देता त्यांच्याच पेल्यात वरून ओतून द्यायला लागले. मला त्या लोकांचा राग आला होता. अजूनही येतो.

जी गिऱ्हाइकं टिकली ती पुरेशी होती. काम मात्र बदललं. इंजिन तापलं की मेजर बोनेट उघडायचे आणि हाक मारायचे. काकी हात पुसत यायच्या, कॉईलवर तळवा ठेवायच्या आणि नंबर म्हणायच्या. पण त्या भराभरा म्हणायच्या, मधले आकडे खाऊन टाकायच्या.

"आगं, सावकाश! फौजेचा नंबर हाय, भाजी मोजत न्हाईस तू!"

"चुलीवर दूध हाय माजं."

"टेलिफोन! ए टेलिफोन! तू ये. हिला नंबर येत न्हाई."

मी ड्यूटीवर नसले की जायचे. हात ठेवायचे आणि एकेक आकडा परेडसारखा म्हणायचे. ते माझ्या हाताकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. कुठल्या आकड्याला माझा चेहरा बदलतो त्यावरून कॉईल किती तापलीय ते त्यांना कळायचं, आणि ते बहुधा बरोबर असायचं. संध्याकाळी ओट्यावर बसून ते आपले हात उलटेसुलटे करून बघायचे, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. 'हाताला इचार' मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. कोणी सल्ला मागितला तर म्हणायचे, "बघू."

माणसांना हात लावायचंही त्यांनी सोडलं होतं. पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खांद्यावर, पाठीवर, पोरांच्या डोक्यावर त्यांचा हात असायचाच. आता ते दोन्ही हात मागे बांधून उभे राहायचे. आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही होत नाही. तरी ते ऐकत नसत.

माझी बदली सांगलीला झाली. सामान जीपमध्ये चढवलं. मेजर मला स्टँडवर सोडायला आले, काकीही आल्या. बस लागली होती. मी काकींच्या पाया पडले, मग मेजरांच्या. वाकून उठायला लागले तर डोक्यावर काहीतरी टेकलं. त्यांचा हात होता. कितीतरी दिवसांनी त्यांनी कोणाला हात लावला होता. किती भार द्यायचा ते कळत नसल्यामुळे त्यांनी सगळा हात टेकवला होता, जड, मान खाली जाईल इतका.

"पोरी," ते म्हणाले, "बसला का गं हात नीट डोईवर?"

"बसला, मेजर."

मी तशीच वाकून राहिले आणि मनात त्यांचा नंबर म्हणायला लागले, एकेक आकडा सुटा करून. कंडक्टर घंटी मारत होता. नंबर पुरा होईपर्यंत मी डोकं वर केलं नाही.